जांभा दगड व आपली जमीन

अंजनवेलच्या गोपाळगडाच्या तटांत जो जांभा दिसतो, तोच आपल्या घराच्या जोत्यांत, विहिरीच्या बांधणींत व बागेच्या गडग्यांत आहे. नित्य दृष्टीसमोर असलेल्या वस्तूविषयीं जिज्ञासा क्वचितच उत्पन्न होते. परंतु ह्या दगडाची हकीकत कोंकणच्या शेतकऱ्यानें अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

सन १८०० मध्यें गव्हर्नर जनरल वेलस्ली ह्यांच्या आज्ञेवरून डॉ. फ्रान्सिस बुकॅनन हे म्हैसूर, कानडा व मलबार ह्या प्रांतांच्या पाहणीस निघाले. मलबारांत अंगाडिपुरम येथें त्यांस असा दगड आढळला कीं, खाणींत असतां तो लोखंडी हत्यारानें सहज कापला जातो, आणि वाऱ्यावर ठेविला म्हणजे विटेसारखा कठीण होतो. सन १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यांनीं त्यास, विटेच्या लॅटिन शब्दावरून, 'लॅटराइट' हें नांव दिलें. तिकडील लोक त्याला अगोदरपासूनच 'विटेचा दगड' म्हणत, हेंही त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. सारांश, शास्त्रांतील हें नांव गवंड्याच्या ज्ञानावरच उभें राहिलें.

दगड असा कां होतो, ह्याचा उलगडा पुढील संशोधकांनीं केला. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. उष्ण हवा व धोधो पाऊस ह्यांनीं तो युगानुयुगें कुजत गेला. चुना, पोटॅश व सिलिका हीं द्रव्यें पाण्याबरोबर निघून गेलीं. लोह व अॅल्युमिनियम मागें राहिलीं. तांबडा रंग हा लोहाच्या गंजाचा. दगड उघड्यावर सुकला म्हणजे हा गंज घट्ट बसतो, म्हणून ताजा चिरा मऊ व जुना चिरा कठीण.

ह्यावरून शेतकऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्यात. पहिली ही कीं, जो चुना व पोटॅश पावसानें नेला त्याची उणीव जांभ्याच्या मातींत राहते, आणि माती आंबट होते. शिवाय तींतील लोह व अॅल्युमिनियम स्फुरदास बांधून ठेवितात. सुपर फॉस्फेट नुसतें फेंकलें तर त्याचा पुष्कळसा भाग पिकास मिळत नाहीं. तें कुजलेल्या शेणखतांत मिसळून मुळांजवळ द्यावें. चुना किती घालावा, हें मात्र माती तपासून ठरवावें. दापोलीचें कृषि विद्यापीठ, जें १९७२ सालीं स्थापन झालें, तेथें ही सोय आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून लिहिला जाणारा सडा पाहावा. त्यावर मातीचा थर वीतभरही नसतो. उतारावरील झाडोरा तोडला, राबासाठीं पालापाचोळा दरसाल जाळला, म्हणजे वरकसाची मातीही पहिल्या सरींतच वाहून जाते. खालचा थर ऊन लागून चिऱ्याप्रमाणें कठीण होतो, आणि एकदां असें झालें म्हणजे नांगराचा उपाय चालत नाहीं. खाणींतला चिरा वाऱ्यावर घट्ट व्हावा, हें घर बांधणाऱ्याचें भाग्य; शेतांतली जमीन तशी होऊं न देणें, हें शेतकऱ्याचें कर्तव्य होय. त्यासाठीं उतारास आडवे बांध घालावेत, आणि पालापाचोळा जाळण्याऐवजीं खतखड्यांत कुजवावा.