न दिसणाऱ्या मित्राचं चित्र

संहिता जेमतेम दीड पानाची आहे. पाच वर्षांची मुक्ता, तिचे आईबाबा, आजी आणि गब्बू. गब्बू मुक्ताचा मित्र, आणि तो फक्त तिलाच दिसतो. लेखिकेनं हे एका वाक्यात सांगितलं आणि ती पुढे गेली. चित्रकाराला त्या वाक्यापाशीच मुक्काम करावा लागतो. जो कोणालाच दिसत नाही तो कागदावर कसा आणायचा, किती आणायचा आणि कोणत्या पानावर?

आधी हिशेब पानांचा. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. असे दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, आणि बरीचशी चित्रपुस्तकं याच मापात बसवलेली असतात. शीर्षक आणि श्रेय यांची पानं काढली की गोष्टीला समोरासमोरची १४ जोडपानं मिळतात, शिवाय सुरुवातीला आणि शेवटी एकेक सुटं पान. मी ही सगळी पानं एकाच कागदावर काडेपेटीएवढ्या चौकोनांत मांडते. तिथे चेहरे नसतात, नुसते डाग असतात. मोठा डाग गब्बू, छोटा मुक्ता. सगळं पुस्तक असं एका नजरेत आलं की गोष्ट कुठे साचली आहे आणि गब्बू कुठे उगाच घुसला आहे ते दिसायला लागतं.

मग रेषेचा प्रश्न येतो. चटकन सुचतं ते असं की गब्बूला फिकट करावं, तुटक रेषेनं काढावं, त्याच्या अंगातून मागची भिंत दिसू द्यावी. मोठ्या माणसांना हे लगेच आवडतं. मला ते मान्य नाही. फिकट रेष काढणं म्हणजे मुक्ताच्या पाठीमागे उभं राहून वाचकाला खूण करणं की हा काही खरा नाही. पुस्तक मुलीच्या बाजूनं आहे की तिच्याकडे बघून हसणाऱ्यांच्या, हे त्या एका रेषेवर ठरतं.

जॉन बर्निंगहॅम या इंग्रज चित्रकाराचं ‘आल्डो’ हे पुस्तक १९९१ साली आलं. बराच वेळ एकटी असणारी मुलगी आणि सशासारखा दिसणारा, गळ्यात मफलर घातलेला तिचा मोठा मित्र. घरात आईवडलांचं भांडण होतं, बाहेर इतर मुली तिला त्रास देतात, अशा वेळी आल्डो सोबतीला असतो. तो मुलीइतकाच भरीव आहे. त्याला धूसर करण्याची गरज बर्निंगहॅमना वाटली नाही. अमेरिकेत डॅन सँटॅट यांनी २०१४ साली ‘बीकल’ काढला. काल्पनिक मित्र एका बेटावर जन्मतात आणि कुणीतरी मूल आपल्याला कल्पनेत आणेल म्हणून वाट बघत बसतात. बीकलला कोणीच बोलावत नाही, तेव्हा तो स्वतःच समुद्र ओलांडून मूल शोधायला निघतो. सगळ्या रंगीत गर्दीत तो पांढरा आहे, रंग न लावलेल्या कागदासारखा, डोक्यावर छोटासा मुकुट. या पुस्तकाला २०१५ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. पांढऱ्या कागदावर पांढरं पात्र ठसठशीत उभं करायचं तर त्याच्या भोवतीचं सगळं रंगवावं लागतं, हे मी त्या पुस्तकावरून बोट फिरवत शिकले. बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ची वाट निराळी. ती पुस्तकातली नव्हे, वर्तमानपत्रातली चित्रमालिका, १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं चाललेली. मोठं माणूस चौकटीत असलं की हॉब्ज कापडी वाघ, एकटा कॅल्विन असला की जिवंत. यातलं खरं कोणतं, याचा निकाल वॉटरसन यांनी दिला नाही.

मुलांच्या मनात घोळ होईल अशी भीती मोठ्यांना असते. मार्जरी टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा मित्रांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या २००४ मधल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता (खेळण्याला जिवंत सोबती मानणारी मुलंही त्यात धरलेली आहेत). मुलाखत घेणाऱ्या मोठ्या माणसालाच मुलं मध्येच समजावत, की हे खोटं-खोटं आहे हं. आपल्याकडे हे सांगायला संशोधक कशाला हवा? भातुकलीत रिकाम्या कपातला चहा फुंकून पिणाऱ्या मुलीला त्यात चहा नाही हे ठाऊक असतं, तरी ती ‘गरम आहे’ म्हणून बजावते. गब्बूची रेष म्हणून मी मुक्ताच्याच पेन्सिलीनं, तेवढाच जोर देऊन काढते.

खरी मेहनत पुढे आहे. गब्बू गादीवर बसला तर गादी दबते का? मी दबवते. त्याची सावली पडते का? मुक्ता एकटी असते तेव्हा पडते, आजी खोलीत आली की पडत नाही. याचा मजकुरात उल्लेख नाही आणि नसावा. मोठ्यांची नजर हा सगळ्यांत नाजूक भाग. आईचे डोळे चुकूनही गब्बूवर टेकता कामा नयेत. बुबुळ केसभर सरकलं तरी तिला तो दिसतो आहे असं होऊन बसतं. आजीची नजर मात्र एका पानावर मी मुद्दाम संदिग्ध ठेवली आहे. शिवाय दोन पानांच्या मधली शिवण. तिच्यात गब्बूचा अर्धा चेहरा गडप होऊ नये म्हणून त्याला सतत डावीउजवीकडे हलवावं लागतं.

कच्च्या चित्रांची डमी शिवून मी ती बालवाडीत नेते. वाचून कमी दाखवते, धरून जास्त बसते. मुलांची बोटं मजकुराकडे जातच नाहीत. सावली नसलेलं पान एका मुलानं मागे उलटून पुन्हा पाहिलं, मग पुढचं, मग परत मागचं. दुसरी एक मुलगी सांगू लागली की गब्बूला भेंडी आवडत नाही. संहितेत भेंडी नाही, चित्रातही नाही. तिच्या घरी कुणीतरी आहे ज्याला भेंडी आवडत नाही, आणि त्याच्यासाठी आमच्या पुस्तकात जागा निघाली. इतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या चित्रानं दिलेलं नाही.

त्यानंतर लेखिका आणि मी मजकूर कापायला बसतो. बर्निंगहॅम स्वतःच लिहीत आणि स्वतःच चित्रं काढत; सँटॅट किंवा आपल्या माधुरी पुरंदरे यांचंही तसंच. शब्दानं कुठे थांबायचं हे एकाच हाताला कळतं. आम्ही दोघी, त्यामुळे प्रत्येक वाक्याशी हुज्जत. ‘गब्बू तिच्या शेजारी बसला’ हे चित्रात आहे, म्हणून गेलं. ‘आईला तो दिसत नव्हता’ हेही गेलं, ते आईच्या डोळ्यांत आहे. ‘मुक्ताला बरं वाटलं’ या वाक्यावर लेखिका अडून बसली होती. दबलेली गादी तिनं नीट पाहिली आणि स्वतःच काट मारली. दीड पानाची संहिता आता अर्ध्या पानावर आली आहे.

असं पुस्तक तुमच्या घरात आलं तर दोन गोष्टी कराव्यात. ओळ वाचून संपली तरी पान लगेच उलटू नये, मुलाचं बोट थांबेपर्यंत थांबावं. आणि ‘गब्बू खरंच असतो का गं?’ असं विचारू नये. तो आज जेवला का, एवढं विचारलं तरी पुरे.