क्षमा केली, पण काम परत द्यायचं का? बर्णबा आणि मार्क यांची गोष्ट



मागच्या भागात आपण क्षमेबद्दल बोललो. त्यानंतर एका ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांच्या मंडळीत तरुण संघातल्या एका मुलानं नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली आणि दोन आठवडे आधी यायचंच बंद केलं. फोनही बंद. बाकीच्यांनी रात्री जागून कसंबसं निभावलं. आता तो परत येतोय, त्यानं माफी मागितली, आणि सगळ्यांनी क्षमाही केली. पण कमिटीत ठरलं की यापुढे त्याच्यावर कुठलंच काम सोपवायचं नाही. ताई विचारतात, ही दया झाली का?

प्रश्न सोपा नाही. आणि गंमत म्हणजे, अगदी याच प्रश्नावर पहिल्या शतकातले दोन मोठे सेवक एकमेकांशी भांडले होते. पवित्र शास्त्रानं ते भांडण झाकून ठेवलेलं नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13. पौल आणि बर्णबा पहिल्या सुवार्ता फेरीला निघाले, मदतीला योहान मार्क हा तरुण. यरुशलेमेतला, खात्यापित्या घरचा असावा, कारण त्याची आई मरिया हिच्या घरी विश्वासणारे प्रार्थनेला जमायचे आणि घरात दारावर जायला दासी होती. आधी कुप्र बेट झालं. मग जहाजानं पंफुल्यातल्या पिर्गा इथं आले. इथून पुढे टॉरसचे डोंगर चढून पिसिदियातल्या अंत्युखियाला जायचं होतं, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. नेमका इथंच मार्क मागं फिरला आणि यरुशलेमेला गेला.

का गेला? लूक सांगत नाही. घाबरला म्हणा, आजारी पडला म्हणा, आईची आठवण आली म्हणा, सगळे आपले अंदाज. मला तर हे न सांगणं आवडतं. आपल्याकडे कुणी काम सोडलं की कारणाचा पंचनामा आधी सुरू होतो.

आता अध्याय 15. पौल म्हणतो, चला, ज्या गावांत आपण सुवार्ता सांगितली तिथल्या बंधूंची खबर घेऊन येऊ. बर्णबा म्हणतो, मार्कला बरोबर घेऊ. पौल म्हणतो, नाही. इथं मूळ ग्रीक भाषेतली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. अध्याय 13 मध्ये लूक मार्कच्या जाण्याला साधा शब्द वापरतो, म्हणजे 'निघून गेला'. अध्याय 15 मध्ये पौलाचं म्हणणं सांगताना शब्द बदलतो, आता तो 'साथ सोडून गेलेला' होतो. विश्वासापासून ढळण्यासाठी जो शब्द वापरतात त्याच कुळातला. घटना तीच, पण ज्याला झळ बसली त्याच्या तोंडी शब्द कडक.

आणि मी पौलाला वाईट ठरवणार नाही. याच फेरीत लुस्त्र गावी त्याला दगडमार झाला होता, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं होतं. अशा वाटेवर अर्ध्यात सोडून जाणारा सोबती परवडत नाही. ताईंच्या कमिटीतले लोकही असेच, रात्री जागलेले. त्यांचा राग खोटा नाही. दयेच्या नावाखाली त्यांना 'तुम्ही फार मनाला लावून घेता' असं सांगणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

बर्णबाचं म्हणणं काय होतं? मार्क त्याचा भाऊबंद होता हे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात येतं. म्हणजे कुणी म्हणेल, घरच्याला दया आणि बाहेरच्याला नियम! आपल्याकडे हे सर्रास चालतं, म्हणून शंका रास्त आहे. पण जरा मागं जा, अध्याय 9. शौल यरुशलेमेत आला तेव्हा सगळे शिष्य त्याला भीत होते. आणि का भिऊ नये? हाच माणूस घराघरांतून लोकांना ओढून तुरुंगात टाकत होता. तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे कुणी नेलं? बर्णबानंच. शौल त्याचा कुणी नातलग नव्हता. म्हणजे बर्णबाची ही रीतच होती. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकत नाही त्याच्यासाठी तो स्वतःची पत पणाला लावायचा. आज मार्कला नको म्हणणारा पौल स्वतः त्याच दयेनं आत आला होता.

वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन सिरिया आणि किलिकियातून गेला. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला.

इथं थांबा. कुप्रच का? बर्णबा मूळचा कुप्राचा. मार्कनंही ते बेट पहिल्या फेरीत पाहिलं होतं, तिथं तो टिकला होता. बर्णबानं 'झालं गेलं विसर' म्हणून मार्कला घरी बसवलं नाही, आणि लगेच त्याच डोंगरावरही पाठवलं नाही. काम तेच दिलं, पण वाट ओळखीची, आणि सोबत स्वतः. मला वाटतं ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. त्या मुलाला पुढच्या नाताळचा सगळा कार्यक्रम देऊ नका. पण कॅरलचा एक गट द्या, आणि एखाद्या जाणत्या दादाला त्याच्याबरोबर ठेवा. फोन बंद झाला तर दारात जाऊन उभा राहील असा दादा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मार्क काम सोडून गेला होता, त्यानं कुणाला इजा केली नव्हती. कुणी लेकराशी वाईट वागलं असेल, तर त्याला पुन्हा संडे स्कूलमध्ये उभं करणं म्हणजे दया नव्हे. तिथं दया आधी त्या लेकरावर करायची, आणि पोलिसांत जायचं. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून असं प्रकरण दाबणं हे तर पापच.

बर्णबाला ही दया महाग पडली. जुना सोबती गेला. प्रेषितांच्या कृत्यांत यानंतर त्याचं नाव एकदाही येत नाही, पुढची सगळी कहाणी पौलाची.

पण पौलाची पत्रं बघा. करिंथकरांना लिहिताना तो बर्णबाचा उल्लेख स्वतःच्या बरोबरीनं करतो. बंदिवासातून लिहिलेल्या फिलेमोनाच्या पत्रात मार्क त्याचा सहकारी आहे. कलस्सैकरांना तो सांगतो, मार्क आला तर त्याचं स्वागत करा. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, बहुतेक जण दूर गेलेले असताना, मार्कला घेऊन ये, तो सेवेत माझ्या उपयोगाचा आहे, असा निरोप आहे. मधल्या वर्षांत कुप्रात काय घडलं हे लिहिलेलं नाही.

प्राचीन मंडळीच्या परंपरेप्रमाणे दुसरं शुभवर्तमान याच मार्कनं लिहिलं. त्यात पेत्राचं तीनदा नाकारणंही आहे. आणि रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना शिष्यांसाठी जो निरोप मिळतो, त्यात पेत्राचं नाव वेगळं काढून घेतलेलं आहे. मत्तयात हाच प्रसंग आहे, पण तिथं ते नाव नाही. ते फक्त मार्कात आहे.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात फिलेमोन आणि अनेसिम यांच्याबद्दल बोलू.