तासाला वीस मिनिटांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरमध्ये क्रांती चौकातून पैठण गेटकडे किंवा उस्मानपुऱ्याकडे वळलं की क्लासेसचे फलक दिसू लागतात. निकालाच्या दिवसांत त्यांवर मुलांचे फोटो आणि खाली दशांश चिन्हासकट टक्के. दोन मुलांमधला फरक आपण अर्ध्या टक्क्यानं मोजतो. त्यामुळे एखाद्याला रायटर मिळाला किंवा पेपरला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळाली, की बाकीच्या पालकांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘मग काय, त्याचं बरं आहे!’ विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेचसे या एका उद्गारात दडलेले आहेत. इतिहासाच्या पेपरला इतिहास किती कळला हे तपासायचं असतं, बोटं किती वेगानं चालतात हे नव्हे. आपली लेखी परीक्षा मात्र दोन्ही गोष्टी एकदमच मोजते. ज्याची बोटं आणि डोळे नेहमीच्या वेगानं चालतात, त्याला यात काही खटकत नाही. ज्याचे चालत नाहीत, त्याचा इतिहास कोरा ठरतो. जादा वेळ किंवा लेखनिक दिल्यानं गुण वाढवून मिळत नाहीत; मोजमापातली चूक तेवढी कमी होते.

वाचन-लेखनाची अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, हा इंग्रजी माध्यमाचा आजार आहे असं अनेकांना मनापासून वाटतं. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट 2007 मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, पण बोर्डिंग स्कूलमधल्या मुलाचं चित्र बरोबर घेऊनच. देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते हे खरं, म्हणून ती सोपी असेल असंही वाटतं. पण ‘किती’ हा शब्द पाहा. पहिली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी येते आणि उच्चारात नंतर. ‘सूर्य’मध्ये ‘र’ बोलताना ‘य’च्या आधी येतो आणि लिहिताना ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. त्यात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व एकमेकांसारखे दिसणारे. ध्वनी आणि खूण यांची जोडणी ज्या मुलाला जड जाते, त्याला ही लिपी ओळीओळीला अडवते. फळ्यावरच्या पाच ओळी उतरवेपर्यंत त्याची दमछाक होते आणि तोवर फळा पुसला गेलेला असतो. वही अर्धवट राहते, शेरा मिळतो ‘आळशी’. तोच मुलगा तोंडी परीक्षेत धडाधड उत्तरं देतो तेव्हा शिक्षकांचा संशय अधिकच बळावतो: येतंय, पण मुद्दाम लिहीत नाही!

हा बुद्धीचा प्रश्न नाही, हे तर तपासणीच्या पद्धतीतच आहे. केंद्र सरकारनं जानेवारी 2018 मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत आधी बुद्ध्यांक पाहायचा होता आणि तो 85 च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी करायची होती. म्हणजे ज्याला वर्गात ‘ढ’ म्हटलं गेलं, त्याच्या प्रमाणपत्राची पहिली अटच तो ढ नसण्याची होती. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकतं. ‘मोठा झाला की आपोआप येईल’ म्हणत थांबणाऱ्या घरांत मात्र धावपळ सुरू होते ती दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की. शिकवण्याची पद्धत बदलून ज्या वर्षांत बरंच काही साधलं असतं, ती तोपर्यंत निघून गेलेली असतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातवरून 21 वर नेले. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. म्हणजे कुबडी, काठी किंवा चाकाची खुर्ची दिसली तरच अपंगत्व, ही समजूत कायद्यानंच मोडीत काढली आहे. ‘अपंगत्व 40 टक्के भरलं नाही तर काहीच मिळत नाही’ हेही सरसकट खरं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं दुसरं प्रकरण लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीचं होतं. तिच्याकडे प्रमाणपत्र होतं, तरी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत तासाभराचा जादा वेळ नाकारून तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. हे चुकीचं झालं असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. ‘त्याचं बरं आहे’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आक्षेप अर्थात आहेत, आणि सगळेच फोल नाहीत. खोट्या प्रमाणपत्रांचा संशय 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर महाराष्ट्रात घरोघरी चर्चिला गेला. पण त्यावर उपाय तपासणी कडक करण्याचा आहे. बनावट नोटा निघतात म्हणून कोणी पगार वाटायचं थांबवत नाही. जादा वेळ कोणालाही दिला तरी गुण वाढतील, हा दुसरा आक्षेप काही अंशी खरा आहे. पेपर मुळातच घाईचा असेल तर थोडा फायदा सगळ्यांनाच होतो. तसं असेल तर पेपर छोटा करावा. ज्याला अडचण आहे त्याचा वेळ कापून कोणाचंच भलं होत नाही.

‘अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत की’ हा सल्ला मायेनं दिला जातो, तरी निवड सल्लागाराची नाही. लक्षणीय अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यांपैकी हवी तिथे मोफत शिकण्याचा हक्क कायदा देतो. खुणांच्या भाषेत वाढलेल्या कर्णबधिर मुलाला विशेष शाळा अधिक मानवू शकते, हे मान्यच आहे. नेहमीच्या शाळेत त्याला बसवायचं, तर ‘मशीन लावलंय, आता ऐकू येतं’ या भ्रमातून बाहेर यावं लागतं. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंखा, बाकांची सरकवासरकव आणि बाहेरचा गोंगाटही मोठा करतं. शिवजयंतीला क्रांती चौकात ढोल-ताशे चालू असताना शेजाऱ्याचं बोलणं समजून घ्यावं, तशी त्याची गत. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळलं, तर त्याला निदान ओठ तरी दिसतात.

‘भरलेल्या वर्गात एकट्या शिक्षकानं काय काय करायचं?’ ही तक्रार रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. ती पदं भरायची जबाबदारी सरकारची, वर्गशिक्षकाची नव्हे. पण प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवणं, फळा उशिरा पुसणं, उत्तर तोंडी घेणं यांसाठी कोणत्याही पदाला मंजुरी लागत नाही. दहावी-बारावीच्या सोयींसाठीचा प्रस्तावही विभागीय मंडळाकडे शाळेमार्फतच जातो. छत्रपती संभाजीनगरच्या मंडळाखाली जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीही येतात, आणि तिथल्या एखाद्या गावातल्या आईला ही सोय आहे हे बहुधा शाळेकडूनच कळणार असतं.