डी-१ प्रथिनाची ‘दुरुस्ती’

ज्या प्रकाशावर वनस्पतीचे पोषण चालते, तोच प्रकाश तिच्या पोषणयंत्रणेचा एक भाग अव्याहत निकामी करीत असतो. हरितकणूंच्या पटलांत फोटोसिस्टिम २ हे वीसहून अधिक प्रथिनांचे संकुल असून पाण्याच्या विघटनाने प्राणवायू मुक्त होतो तो तेथेच. त्याच्या गाभ्याशी डी-१ व डी-२ अशी प्रथिनांची जोडी आहे. दोघांची घडण पुष्कळशी सारखी. तथापि हानी सोसावी लागते ती मुख्यतः डी-१ ला. स्पायरोडेला या पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या वनस्पतीवर मट्टू, एडेलमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ व १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून, हे प्रथिन उजेडात किती झपाट्याने नाहीसे होते आणि पुन्हा घडविले जाते, ते स्पष्ट झाले.

एवढ्या मोठ्या संकुलातील एकच घटक बदलावयाचा तर ते सबंध संकुल उकलावे लागेल, असे वाटणे साहजिक आहे. वनस्पती तसे करीत नाही. पटलांचा काही भाग चळतीसारखा दाटीने रचलेला असतो. निकामी संकुल तेथून सरकून मोकळ्या भागात येते. कारण चळतीतील अरुंद फटींत रायबोसोमसारख्या अवजड कणांचा शिरकाव होत नाही. मग संकुलाचा थोडा भाग सुटा होतो. एफ-टी-एस-एच हे प्रथिनविघटक एंझाइम जुने डी-१ पटलातून ओढून काढून त्याचे तुकडे करते. नवे डी-१ तयार होत असतानाच पटलात गुंफले जाते, त्याच्या टोकाची लहानशी शेपटी छाटली जाते, आणि चार मँगनीज व एक कॅल्शियम यांचा समूह प्रकाशाच्याच साहाय्याने पुन्हा जुळतो. संकुल चळतीत परतते.

यास ‘दुरुस्ती’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण शब्द काहीसा फसवा आहे. दुरुस्त होते ते संकुल. डी-१ मात्र सांधले जात नाही, टाकून दिले जाते.

‘प्रकाशनिरोध’ ही संज्ञा याहून अधिक घोटाळ्याची. अतिप्रखर प्रकाशानेच हानी होते, अशी समजूत तिच्यामुळे दृढ होते. परंतु लिंकोमायसिन देऊन हरितकणूंतील प्रथिननिर्मिती थांबविली, तर मध्यम उजेडातही फोटोसिस्टिम २ चे कार्य खालावत जाते. हानीचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो. तिला उंबरठा असा नाही. एरवी ती दिसत नाही, कारण भरपाई तिच्या बरोबरीने चाललेली असते.

म्हणून थंडी वा क्षार यांच्या परिणामाचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. निशियामा, मुराता प्रभृतींनी सायनोबॅक्टेरियांवर केलेल्या प्रयोगांनुसार हे ताण हानी वाढविण्यापेक्षा नव्या डी-१ ची निर्मितीच अडवितात. पहिला आघात मँगनीजच्या समूहावर होतो की प्रतिक्रियाकेंद्रावर, याविषयी मात्र अद्याप एकवाक्यता नाही. पानाची केवळ घटलेली कार्यक्षमता मोजून प्रकाशाने अधिक मोडले की भरपाई अडली, हे सांगता येत नाही. त्यासाठी लिंकोमायसिन दिलेल्या आणि न दिलेल्या पानांची मोजणी शेजारी शेजारी करावी लागते.