शांतताभंगाची भीती आणि एक चित्रपट

ख्रिस्ती धर्म भारतात युरोपीय राज्यकर्त्यांबरोबर आला, अशी एक समजूत आहे. चेन्नईतील ख्रिस्ती समाज ती मान्य करीत नाही. शहराच्या मयिलापूर भागात, समुद्रकिनाऱ्यालगत, सांथोमे चर्च उभे आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस या भूमीवर आला, इसवी सन ७२ च्या सुमारास जवळच्याच एका टेकडीवर त्याला हौतात्म्य प्राप्त झाले आणि त्याची कबर याच जागी आहे, अशी परंपरागत श्रद्धा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात येथे चर्च बांधले. आजची गॉथिक धाटणीची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. तामिळनाडूच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे सहा टक्के आहे. तेव्हा येशूच्या चरित्राविषयी कोणी नवी कथा सांगू लागला, तर ती या शहरात केवळ परदेशातील एक वार्ता राहत नाही. २००६ साली याचा प्रत्यय आला.

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीतच तिचा जगभर अफाट खप झाला. तीवर रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट मे २००६ मध्ये पडद्यावर आला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक खून होतो आणि त्याचा माग काढता काढता चिन्हविद्येचा एक प्राध्यापक एका प्राचीन रहस्यापाशी येऊन पोहोचतो. ते रहस्य असे : येशूचा विवाह मरीया मग्दालीया हिच्याशी झाला होता, त्यांचा वंश पुढे चालला आणि ही गोष्ट दडविण्यासाठी धर्मसत्तेने शतकानुशतके कटकारस्थाने केली.

रहस्यकथा म्हणून यात वावगे काही नाही. परंतु कादंबरीच्या आरंभी लेखकाने काही गोष्टी वस्तुस्थिती म्हणून मांडल्या होत्या, आणि खरी ठिणगी तेथेच पडली. रहस्याची राखण करणारी ‘प्रायरी ऑफ सायन’ ही संस्था १०९९ मध्ये स्थापन झाली, असे तेथे सांगितले आहे. वस्तुतः त्या नावाची संस्था प्येर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये काढली आणि तिला प्राचीनत्व देण्यासाठी रचलेली बनावट कागदपत्रे पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आली. इसवी सन ३२५ च्या नायसीया परिषदेत मतदानाने येशूला देवत्व बहाल केले, हे विधानही असेच आहे. येशूला प्रभू मानणारे लिखाण त्या परिषदेच्या फार पूर्वीचे आहे. परिषदेपुढचा वाद पिता आणि पुत्र यांच्यातील नात्याच्या स्वरूपाविषयी होता. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत मरीया मग्दालीयेला येशूची सोबतीण म्हटले आहे, हे खरे. परंतु त्यावरून विवाह सिद्ध होत नाही. थोडक्यात, कादंबरीतील ‘इतिहास’ हा अभ्यासकाच्या पहिल्याच प्रश्नासरशी कोसळणारा आहे.

भारतात या चित्रपटाला प्रदर्शनापूर्वीच विरोध सुरू झाला. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसमवेत तो पाहिला. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याने, केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र दिले आणि कथानक काल्पनिक असल्याचे निवेदन पडद्यावर दाखविण्यास सांगितले. तरीही काही राज्यांनी आपापल्या हद्दीत बंदी घातली. तामिळनाडूत मे २००६ मध्येच एम. करुणानिधी यांचे सरकार अधिकारावर आले होते. या सरकारने जूनच्या आरंभी ‘तामिळनाडू चित्रपटगृहे नियमन अधिनियम, १९५५’ च्या सातव्या कलमान्वये राज्यभर चित्रपटाचे प्रदर्शन स्थगित केले.

येथे कायद्याची रचना थोडी समजावून घेतली पाहिजे. आपल्या राज्यघटनेने चित्रपटांच्या प्रमाणनाचा विषय केंद्राकडे दिला आहे, तर चित्रपटगृहांचे नियमन राज्यांकडे. चित्रपट दाखविण्यायोग्य आहे किंवा नाही, हे १९५२ च्या केंद्रीय कायद्याखाली मंडळ ठरविते. राज्याचा अधिकार निराळा आणि मर्यादित आहे : प्रदर्शनामुळे शांतताभंग होण्याचा संभव असेल, तर ते तात्पुरते थांबविता येते. म्हणजे सातव्या कलमापुढचा प्रश्न कथा खरी की खोटी, हा नसतो. कोणाच्या भावना दुखावल्या, हाही नसतो. प्रश्न एवढाच असतो, की शांतता खरोखरच धोक्यात आहे काय?

मग हा धोका मोजावयाचा कसा? याचे एक उत्तर मद्रासमध्येच उद्भवलेल्या एका खटल्यात मिळाले होते. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटात जातीवर आधारित आरक्षणावर टीका होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन यांच्या अपिलात हा निर्णय फिरविला. दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका धोका निकट असला पाहिजे, दूरची शंका पुरेशी नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमक्यांपुढे राज्याने हतबलता सांगू नये, हेही बजावले. कायद्याने मिळालेल्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्यच आहे.

दुसरे उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीच्या गावचे आहे. स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली होती. शब्दांचा परिणाम जोखताना माणूस समंजस, खंबीर आणि धैर्यवान गृहीत धरावा. दुबळ्या, चंचल आणि प्रत्येक प्रतिकूल मतात संकट पाहणाऱ्या मनावरून तो जोखू नये, असा तिचा आशय होता. १९८८ मध्ये ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाच्या वितरक कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २००६ मध्ये न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन यांनी स्थगितीचा आदेश रद्द ठरविला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानेही त्याच सुमारास तेथील बंदी रद्द केली होती. तज्ज्ञ मंडळाने प्रमाणित केलेली, उघडपणे काल्पनिक म्हणून दाखविली जाणारी कलाकृती केवळ कोणी विरोध करील या भीतीने दडपता येत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. चित्रपट पाहण्याची सक्ती कोणावरही नव्हती. ज्याला तो अप्रिय वाटेल, त्याने तिकीट काढू नये. निषेध करावयाचा असेल तर तोही सनदशीर मार्गाने करावा. मात्र इतरांसाठी दार बंद करण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

हा निर्णय श्रद्धेविरुद्ध होता, असे समजणे चूक ठरेल. दुखावलेल्या भाविकाची वेदना खोटी नव्हती, आणि संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपली उपेक्षा होते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बंदीने त्याच्या हाती काय आले असते? आदेश केवळ चित्रपटापुरता होता. कादंबरीतील विधाने पुस्तकाच्या पानांवर तशीच राहिली असती. त्यांना उत्तर होते ते इतिहासात : प्लांतारची बनावट कागदपत्रे, नायसीयाचा खरा वाद, हस्तलिखितांचा खरा अर्थ. खोट्या इतिहासाचे खंडन करता येते. बंदी घातली की मात्र त्याला दडपलेल्या सत्याचे तेज चढते. कटकारस्थानाच्या कथेला तर याहून सोयीचे काही नाही, कारण ‘ते दडवीत आहेत’ हेच तिचे मुख्य म्हणणे असते.

तथापि न्यायालयाचा विजय हा व्यवहारातला विजय असतोच असे नाही. चित्रपटाचे व्यावसायिक आयुष्य काही आठवड्यांचे असते, आणि खटल्याला आठवडे लागतात. २०१३ च्या जानेवारीत याच राज्यात कमल हासन यांचा ‘विश्वरूपम्’ मुस्लिम संघटनांच्या विरोधानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांनी रोखला गेला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने दिलेली परवानगी खंडपीठाने स्थगित केली. अखेर वाटाघाटी होऊन काही भाग वगळल्यावर फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला. तत्त्व १९८९ पासून ठरलेले होते, २००६ मध्ये त्याची उजळणी झाली होती. तरीही निर्मात्याला शेवटी न्यायालयाबाहेर तडजोड करावी लागली.

परंपरेच्या सांगण्यानुसार, ज्या थॉमसच्या नावाने मयिलापूरचे चर्च उभे आहे, तो पुनरुत्थित येशूच्या जखमा स्वतः पाहिल्याखेरीज विश्वास ठेवावयास तयार नव्हता. त्याच्या शंकेला शिक्षा झाली नाही, तिला उत्तर मिळाले. लोकशाही राज्यातील नागरिकाचीही अपेक्षा याहून फार वेगळी नसते.