अर्धं अर्धं विष, ओझं मात्र पूर्ण

आसगावच्या बचत गटांतून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "बोडीचं पाणी तर नितळ दिसते, मंग झिंगे कुठं गेले?" झिंगे कमी होण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे पाण्यात विरघळलेले धातू.

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्द धरणात येतं. शहराच्या सांडपाण्यातून तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम येऊ शकतं. थोडी भर आपणही घालतो. धानाला झिंक सल्फेट, भाजीला मोरचूद, तलावाकाठी फेकलेले जुने सेल. धातू कुजत नाहीत, ते गाळात साठतात.

आता ओझ्याचं उदाहरण घ्या. डोक्यावर अर्धी पाटी माती झेपते. त्यावर अर्धी पाटी रेती आणि वर सरपणाची मोळी ठेवली, तर मान मोडते. प्रत्येक ओझं मात्र हलकंच होतं! पाण्यातल्या बारक्या जिवांचं असंच होतं. एकेक धातू मर्यादेत असला, तरी सगळे मिळून मारक ठरू शकतात. कधी उलटही घडतं. जस्त आणि कॅडमियम शरीरात एकाच वाटेनं शिरायला बघतात, म्हणून एक दुसऱ्याला अडवतो. त्यामुळे नुसत्या अंदाजानं चालत नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम जस्त चालतं. पण पाणपिसू नावाचा टाचणीच्या डोक्याएवढा जीव 1 मिलिग्रॅमहून कमी जस्तातही दोन दिवसांत मरू शकतो. आपल्याला चालणारं पाणी त्याला चालेलच असं नाही. पाणपिसवा गेल्या की माशांच्या पिल्लांचा घास जातो, आणि मासे गेले की ढिवर बायांची टोपली रिकामी राहते.

जलजीवन मिशनच्या तपासणी पेटीत फ्लोराईड, नायट्रेट, लोह कळतं. शिसं, कॅडमियम कळत नाही. म्हणून ग्रामसभेत धातूंची तपासणी प्रयोगशाळेतून मागू या आणि अहवालातले सगळे आकडे एकत्र वाचू या. तोवर फवारणीचा पंप तलावात धुवायचा नाही. माती तपासल्याशिवाय जस्त टाकायचं नाही. जुने सेल वेगळे ठेवायचे. गणपती बिनरंगी मातीचा बसवायचा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या बोडीत काय दिसतं ते सांगायचं. झिंगे, गोगलगायी, पाणपिसवा, सगळं मोजून या!