स्वस्त चहाचा संताप

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या वसाहतवाल्यांनी समुद्रात रित्या केल्या, त्या इंग्लंडने कर वाढवून चहा महाग केला म्हणून, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही इतकी दृढ आहे की, त्या वर्षीच्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता असे सांगितल्यास ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटावी. बंगालची दिवाणी हाती असूनही कर्जाने जेरीस आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा जो चहा लंडनच्या वखारींत पडून होता (चीनचा बरे, आसामातील मळे तेव्हा जन्मासही आले नव्हते), तो खपावा म्हणून पार्लमेंटने इंग्लंडातील जकात माफ केली, कंपनीला स्वतःच्या अडत्यांमार्फत अमेरिकेत परस्पर विक्रीची मुभा दिली, आणि १७६७ पासूनची तेथील पौंडामागे ३ पेन्सांची जकात मात्र हट्टाने कायम ठेवली. ज्या सभेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर बसविण्याचा अधिकार स्वस्ताईच्या आमिषाने आपल्या गळी उतरविला जात आहे, हे वसाहतींनी ओळखले. आणि डच चहा चोरून आणणाऱ्यांना, तसेच अडत न मिळालेल्या सरळमार्गी व्यापाऱ्यांनाही, आपला धंदा बुडणार हे दिसले. तत्त्व आणि नफा यांची ही सोयरीक लपविण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

जकातीचा दर जितका जबर तितका क्षोभ मोठा, हा हिशेब त्यापूर्वीही चुकला होता. परकीय बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवर, जिच्यावर न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या चालत, १७३३ पासून गॅलनमागे ६ पेन्स जकात होती. पण अंमलदार चिरीमिरी घेऊन काणाडोळा करीत, म्हणून ती फारशी कोणास बोचली नाही. १७६४ मध्ये दर निम्मा झाला, वसुली मात्र कडक झाली, खटले ज्यूरीविना आरमारी न्यायालयांत चालू लागले, आणि त्याबरोबर ओरड उठली.

पेट्या बुडाल्या त्या रात्रीच अवघी अमेरिका स्वातंत्र्यासाठी उठली, हेही खरे नव्हे. फ्रँकलिनसारख्या धुरीणालाही कंपनीस भरपाई द्यावी असे वाटत होते. इतर वसाहती बोस्टनच्या पाठीशी खऱ्या अर्थाने उभ्या राहिल्या, त्या पार्लमेंटने जून १७७४ पासून ते बंदरच बंद केल्यावर. आणि त्या वर्षी फिलाडेल्फियात जमलेल्या त्यांच्या प्रतिनिधींनीही स्वातंत्र्य न मागता व्यापारी बहिष्कार पुकारला. त्यात ब्रिटिश मालाची आयात डिसेंबरपासून बंद, निर्यात मात्र पुढील सप्टेंबरपर्यंत चालू. आणि त्यानंतरच्या निर्यातबंदीतूनही साउथ कॅरोलिनाच्या आग्रहाखातर युरोपात जाणारा तांदूळ वगळलेला.